घाटमाथ्यावरचा नारळ

१२ जून २००३, संध्याकाळ

युरोपातून परत येऊन चार दिवस झाले. आज शेजारचे बापू प्रवासाचं ऐकायला आले. मी रंगून सांगत होतो: बारा दिवस अजितची गाडी, नदीकाठची निवांत गावं, जन्मभर वर्गात शिकवलेल्या कवितांतली कुरणं खरीच निघाली, वगैरे. आल्प्सच्या घाटापाशी आलो आणि अडखळलो. हिने आमसुलं निवडताना मान वर केली नाही.

त्या माथ्यावर ही लेकाला म्हणाली होती, "अजित, जरा थांबव. नारळ वाढवते." रत्नागिरीहून नेलेला नारळ मांडीवर घेऊनच बसली होती. तो थांबतही होता. मीच म्हणालो, "इथे तुझा कुठला देव बसलाय? सूनबाई हसेल." मग सगळेच हसलो, हीसुद्धा. गाडी पुढे गेली, आणि मी कविता म्हणायला घेतली. नारळ मांडीवरच राहिला.

बापू गेल्यावर विचारलं, "त्या नारळाचं अजून मनात आहे का गं?"

"माझं काय घेऊन बसलात? अजित दर आठवड्याला एकटा त्या घाटातून जातो, म्हणून म्हटलं होतं हो."

एवढंच. मला कसं सुचलं नाही? आपल्या घाटात एसटीचा ड्रायव्हरसुद्धा हात जोडतो. मी मात्र देखावे बघत होतो.

अजितला फोन लावला. म्हटलं, तिकडे नारळ मिळाला तर पुढच्या खेपेला माथ्यावर थांब. तो हसला नाही. "वाढवतो, आईला सांगा."

"तूच सांग," म्हणालो आणि रिसीव्हर हिच्या हातात दिला.