हवेत आवळलेले बोल्ट

नांदेड, गुरुवार, दिवेलागण

उमरीच्या शाळेत आम्ही चाळीस पोरं एका तालात कविता म्हणायचो. तो ताल अजून कानात आहे. म्हणूनच माझ्या जुन्या कॉन्टेसाची कुरकुर मला सोसवत नाही. महिन्यापूर्वी लातूरच्या बब्बूमिस्त्रीने तिला मागे नव्या, कडक स्प्रिंगा बसवल्या, तेव्हापासून दर गतिरोधकावर ती कण्हते. तक्रार केली तर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "सर, गाडी न्हाई, तुमचे गुडघे कुरकुर करून राहिले!" सगळे हसले. ते हसणं अजून खुपतंय.

आज स्वतःच गाडीखाली शिरलो आणि कळलं. या माणसाने गाडी जॅकवर लटकत असतानाच बोल्ट आवळलेले. हवेत! चाकांवर भार आला की बोल्टांभोवतीचं रबर पिळवटणार आणि कुरकुरणार, एवढं कळू नये? सगळे बोल्ट ढिले केले, चाकांखाली ठोकळे देऊन गाडीचा भार चाकांवर आणला, मग आवळले. नायगावच्या रस्त्यावर चक्कर मारली. हूं की चूं नाही.

उद्याच लातूर गाठायचं. त्याच गिऱ्हाइकांसमोर त्याला मागच्या सीटवर बसवायचं आणि विचारायचं... काय बरं विचारावं?

एवढं लिहिलं आणि दार वाजलं. बब्बूच! हातात बोल्ट आवळायचे पाने.

"सर, चुकलं माझं. बोल्ट हवेतच आवळले म्या. ध्यानात आलं तसा निघालो."

"हाव, कर नीट," म्हणालो. मी ते आधीच नीट केलेत, हे सांगितलं नाही. तो अजून गाडीखाली आहे. चहा मी एकट्यापुरताच टाकलाय.