चौथा खांब

शनिवार, ११ जानेवारी १९९२. मानपाडा.

नरेशची जीप आज दिली. उद्या शहाडला, नदीकाठच्या शर्यतीत उतरवणार आहे. गाडी उलटली तरी आतली माणसं चिरडू नयेत म्हणून मी पाइपांचा पिंजरा बसवलाय, नवीन सीटा आणि खांद्यांवरून येणारे पट्टेही. पिंजऱ्याच्या तीन खांबांना पूर्ण वेल्डिंग केलं. चौथ्याला नुसते टाके मारलेले, तेवढ्यात शुक्रवार आला. शुक्रवारी एमआयडीसीत लाईट नसते. आज घाईत राहून गेलं... घाई कसली? कंटाळा केला मी. सांधा झाकायला वरून लांबीची पुट्टी फासली आणि रंग मारला.

शेजारच्या सीटवर नरेशची बहीण बसणार आहे. तिनेच विचारलं, "दादा, पक्कं आहे ना?"

"हत्ती बसवा," म्हणालो आणि खांब थोपटून दाखवले. एक, दोन, तीन. चौथ्यावर हात गेलाच नाही. तिला कळलं असेल का?

चौथा नरेशनेच थोपटला. "आमच्या भाऊंचं काम आहे ते," म्हणाला आणि माझ्या तोंडात पेढा घातला.

खाल्ला मी तो!

उद्या उजाडताच मशीन घेऊन त्याच्या घरी जातो. ती लांबी तिच्यासमोरच खरवडायची.