पांढरा बॉल हलका का भरतो

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या टेबलांची दुरुस्ती आणि जुन्या पूल बॉलची खरेदी-विक्री, बाजारात ‘तराजूभाऊ’ या नावाने ओळखला जाणारा, माझ्या मागे काय कोणाचे हे स्वतःच्या हाताने, कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट काचेचा नसून प्लास्टिकचा आहे, हेही सांगितले. दाखल्यात त्यांनी ‘बुद्धी शाबूत’ एवढेच लिहिले. जिभेबद्दलचे मत तोंडी दिले.

याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन होती आणि दोन्ही रागाच्या भरात लिहिलेली होती.

कलम १. राहते घर सामानासह माझ्या पत्नीला मिळावे. हे वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, “घर माझंच आहे. तुम्ही नुसते जेवायला आणि झोपायला येता.” तेव्हा हे कलम केवळ सरकारी माहितीसाठी आहे असे धरावे. बँकेत जे असेल तेही तिचेच.

कलम २. दुकान, तिथली सगळी अवजारे आणि ज्याच्यामुळे मला हे नाव पडले तो खिशातला वजनकाटा माझ्या मुलीला. बाईमाणसाला हा धंदा जमेल का, असे कोणी विचारलेच तर तिने त्याच्या हातात दोन बॉल द्यावेत आणि खरा कुठला ते सांगायला लावावे.

कलम ३. दुकानासोबत तिच्यावर एक बंधन. विकणारा कितीही गोड बोलो, जुना संच पारखल्याशिवाय घेऊ नये. डब्यावर जाऊ नये. पुष्कळदा डबा खरा असतो आणि आतले बॉल भलतेच. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. आधी आकड्यावरून नख फिरवावे. खऱ्या बॉलचा आकडा आतपर्यंत ओतलेला असतो, नखाला काही लागत नाही. नकलीवर तो वरून छापलेला असतो आणि कडेने उडालेला सापडतो. मग दोन बॉल कानाजवळ धरून हलकेच एकमेकांवर आपटावेत. खरा ‘टक्’ म्हणून मोकळा होतो, नकली ‘ठप्प’ करतो. त्यानंतर सगळे एकेक करून काट्यावर ठेवावेत. आकड्यांचे पंधरा बॉल एकमेकांच्या एक-दोन ग्रॅमच्या आत भरले पाहिजेत. सोळाव्या, म्हणजे पांढऱ्या बॉलसाठी कलम ६ पाहावे. ते लिहायला मला सगळ्यात जड गेले.

कलम ४. जावईबापूंनी माझ्या साठीला, मला न विचारता, मोठ्या हौसेने आणलेला संच त्यांना परत मिळावा. तो नकली आहे. तरी मी तो अकरा वर्षे काचेच्या कपाटात दर्शनी मांडला, कारण आणणारा माणूस खरा आहे.

कलम ५. समोरच्या दुकानदाराला माझे भिंग. तीस वर्षे तो छापील आकड्यांचे बॉल ‘अस्सल’ म्हणून विकत आला. हल्ली कमी दिसते म्हणतो. मला वाटते, पहिल्यापासूनच कमी दिसत असावे.

कलम ६. माझ्या थोरल्या भावाला त्याचा पांढरा बॉल, माफीसह.

हकीकत अशी. दादाचा दोन टेबलांचा पूल हॉल होता. तो बंद केला तेव्हा त्याने आपला संच विकायला माझ्याकडे आणला. मी काटा काढला. पंधरा बॉल चोख भरले, पांढरा मात्र सहा ग्रॅम कमी. आमच्या धंद्यात पांढरा बॉल बदलणे ही सगळ्यात जुनी लबाडी. मी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, “दादा, पांढरा बदललास. निदान मला तरी फसवू नकोस.” उचलली जीभ, लावली टाळ्याला. दादाने एकदा माझ्याकडे, एकदा काट्याकडे पाहिले, टोपी घातली आणि गेला. संच तसाच राहिला. त्याला अकरा वर्षे झाली. साठीलाही तो आला नाही.

चार वर्षांपूर्वी मुलीने विचारले, “बाबा, वापरलेल्या संचात पांढराच का हलका भरतो?” मी शहाण्यासारखे उत्तर दिले, “अगं, बाकीचे आलटून पालटून मार खातात. काठी पांढऱ्यालाच लागते, तो प्रत्येक फटक्याला खातो. झिजणारच.” माझे उत्तर माझ्याच कानावर पडले आणि मी उठलो. दादाचा बॉल काढला, त्याच्याच संचातल्या बॉलवर आपटला. टक्. खरा होता. दादाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती मी सख्ख्या भावाला दिली. चूक कळायला सात वर्षे लागली, सांगायला चार पुरली नाहीत. माझ्या मागे तरी त्याला हे कळावे. मला त्याची फार आठवण येते.

सहीपूर्वीची नोंद. साक्षीदार असा हवा की ज्याला या कागदातून काही मिळत नाही, असे वकीलबाईंनी बजावले. तरी मुलीने परस्पर आपल्या काकांना साक्षीसाठी फोन केला. मी ओरडलो, “अगं, त्याच्या नावाने कलम आहे!”

“माहितीय. तुम्ही मेल्यावर माफी मागणार, आणि काका तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. ऐकणार कोण?”

दादा आज सकाळी आला. चष्मा लावून त्याने सगळा कागद वाचला. कलम ६ दोनदा वाचले. मी फरशी बघत होतो.

“अक्षर अजून तसंच गचाळ,” तो म्हणाला. “साक्षीदाराला काही घेता येत नाही ना? मग खोड ते कलम. बॉल आत्ता दे.”

मी दिला. त्याने तो माझ्यापुढे धरला. “वजन करून घे आधी.”

“दादा, चुकलो रे,” एवढेच माझ्याने बोलवले. त्यावर तो हसला, आणि मग आम्ही दोघेही काही वेळ कागदाच्या कामाचे राहिलो नाही. पत्नीने चहा केला.

कलम ६ खोडून रद्द केले आहे. वस्तू हयातीत, हातोहात दिली. हकीकत राहू द्यावी, असे दादाचे म्हणणे पडले.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
दिनांक: १४ मार्च, सकाळी साडेअकरा.

लिहून देणार: तराजूभाऊ (सही)

साक्षीदार दुसरी: डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार पहिला: माझा थोरला भाऊ (सही). या मृत्युपत्रात त्याच्या नावाने काहीही नाही.