मी आलो की गप्प

दादा,

तू म्हणाला होतास, "खुर्ची तुला पेलायची नाही." सोमवारी फोरमन झालो आणि कारखान्यात पाऊल टाकलं की सगळे चिडीचूप. वीस वर्षं यंत्राचा बिघाड नुसत्या आवाजावरून सांगत आलो, पण ही शांतता उमगेना. नक्कीच माझ्याविरुद्ध काहीतरी शिजत होतं. आज राजीनामा खिशात घालूनच लेथवाल्याला गाठलं.

"काय चाललंय रे माझ्या पाठीमागे?"

"अहो मिस्त्री... म्हणजे साहेब! तुम्हीच दटावायचात ना, मी आलो की तोंडं बंद, मला मशीन ऐकू द्या म्हणून? तेव्हा तुमचा कान मशीनकडे असायचा, आता आमच्याकडे आहे!"

राजीनामा फाडला. तरी तो जरा जास्तच हसला, असा संशय आहेच.

पत्र धाडत नाही. चार दिवसांतच खुर्ची टोचली, हे तुझ्या कानावर कशाला?

तुझा,
धाकटा