हिवाची वाट

वाय्याकोता, १४ जून

चि. सेवेरिनो यास बासिलियाताईचे अनेक आशीर्वाद.

तू तिकडे उसात घाम गाळतोयस आणि आम्ही इथे थंडीची भीक मागतोय. बटाटे माळावर पसरलेत, पण ऐन हिवाळ्यातही रोज संध्याकाळी मेलं आभाळ भरून येतं. गवत पांढरं करणारं हीव पडल्याशिवाय बटाटा गोठत नाही, आणि गोठवून, तुडवून, वाळवला नाही तर चुन्यो कसला होतोय? सगळा कुजेल. मग वर्षभर खायचं काय?

आईला खोकला लागलाय, तरी ती माळावरच्या खोपटात राखणीला झोपते. माझं पोर अंगावरचं, मला जाता येत नाही. सान हुआनच्या सणाच्या शेकोट्या पेटवाल तर याद राखा, धुरानं हीव अडतं, असा तिनं गावाला दम भरलाय. मला मात्र कळत नाही, हीव पड म्हणू की पडू नको म्हणू. पडलं तर बटाटे वाचतील, पण आईचं काय?

उत्तराला उशीर लावू नकोस. माया आहेच, थंडीत ती जरा जास्त लागते.
तुझी ताई

मोंतेरो, २० जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. तोडणी संपेपर्यंत मुकादम सोडत नाही. गेलास तर परत येऊ नकोस म्हणाला. म्हणून यानिनाला पाठवतोय. आई आमच्या लग्नाला आली नाही, तिचं नावसुद्धा घेत नाही, केळ्यांच्या मुलखातली म्हणते, सगळं ठाऊक आहे मला. पण खोकल्याचं ऐकून यानिनाच म्हणाली, मी जाते. तिच्याजवळ दोन जाड घोंगड्या दिल्यात. आई भांडली तरी तिच्या अंगावर घाल.

यानिनानं जन्मात हीव पाहिलेलं नाही. तिला हसू नका गं. आईनं तिला हाकललं तर मी कुणाच्या बाजूनं उभा राहू?

आईच्या पायांवर डोकं, भाच्याच्या गालाला चिमटा.
तुझा सेवेरिनो

वाय्याकोता, २६ जून

चि. सेवेरिनो यास अनेक आशीर्वाद. आधी पाणी पी, मग वाच.

काल रात्री हीव पडलं, आणि तुझ्या बायकोनं नेमका तेव्हाच घोळ घातला. आईनं घोंगड्या भिरकावून दिल्या होत्या. यानिनाला वाटलं, म्हातारी बटाट्यांसाठी एवढी जागते, म्हणजे त्यांनाच थंडी बाधत असणार. तिच्या मुलखात दक्षिणेचा गार वारा सुटला की रोपांवर पोती घालतात म्हणे. तिनं सगळ्यात चांगल्या बटाट्यांवर दोन्ही घोंगड्या पांघरल्या, वर कडेला दगड ठेवले! पहाटे बाकीचे बटाटे दगडासारखे, आणि ते मात्र छान उबेत. मला हसू आलं रे, पण आईचा चेहरा बघून गिळलं.

आई म्हणते, शनिवारच्या बसनं हिला परत लावून दे. पोरगी जेवत नाही. आणि आईला ताप भरलाय, छाती वाजते, तरी माळावर जायचा हट्ट. आज पुन्हा हीव पडेलसं दिसतंय. राखणीला कोण जाणार? माझं डोकं चालेना झालंय.

देवाजवळ आमच्यासाठी दोन शब्द घाल.
तुझी ताई

वाय्याकोता, ३० जून

चि. सेवेरिनो यास आशीर्वाद.

त्या रात्री मी आईला घरातच कोंडलं. यानिना कुठे दिसेना. वाटलं, बसच्या रस्त्याला लागली. पहाटे आई माझा डोळा चुकवून माळाकडे निघाली, पोराला पाठीला बांधून मी मागोमाग. बघते तर यानिना बटाटे तुडवत होती. अनवाणी, पाय जांभळे, हमसून रडत होती पण थांबत नव्हती. रात्रभर खोपटात राखण तिनंच केली. आणि घोंगड्या? त्या झोपलेल्या आईच्या अंगावर घालून गेली होती.

 आईनं तिला ओढून खाली बसवलं आणि तिचे पाय आपल्या घागऱ्यांच्या थरांत घेऊन पोटाशी धरले. लहानपणी माझे धरायची तसे. मग खेकसली, टाचेनं तुडवायचं, बोटांनी नाही.

शनिवारची बस रिकामीच गेली. पण आईचा ताप हटत नाही. परिचारिका म्हणते, ओरुरोच्या इस्पितळात न्या, उशीर नको. आई दोन दिवस ऐकेना, चुन्यो वाळल्याशिवाय हलणार नाही म्हणे. आज सकाळी स्वतःच उठून बसली आणि म्हणाली, बटाट्यांजवळ यानिना राहणार असेल तर येते.

उद्या निघतोय. मुकादमाला काय सांगायचं ते सांग, पण ओरुरोला ये. आईनं तिचं नाव घेतलं रे.
ताई