संपूर्ण घर चोवीस डिग्री

२८ मार्च, सकाळी ७

ठरलं. यंदा सेंट्रल एसीचं सर्व्हिसिंग मी स्वतः करणार.

एसीवाला अबुजर दरवर्षी येतो, शिडीवर चढतो, फिल्टर काढतो, धुतो, चहा पितो. दोन तासांत मोकळा. यात अवघड ते काय? वाळूजच्या कंपनीत मी एकतीस वर्षं काढली. स्टोअर्सला होतो हे खरं, पण ज्याच्या हातून एवढे स्पेअर पार्ट गेले त्याला मशीन कळत नाही असं कोण म्हणेल? अबुजरला फोन करून सांगितलं, यंदा येऊ नको. तो म्हणाला, ठीक है चाचा, बस फिल्टर के बगैर चलाना मत. हसूच आलं. हे काय सांगायची गोष्ट झाली?

लेकीला, तनुजाला, आठवा लागतोय. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही रीत. पण काल पुण्याहून विहीणबाईंचा फोन. म्हणाल्या, एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडं भट्टी असते, पोरीला इथंच ठेवू. बायकोचा, रूपाचा, चेहरा एवढासा झाला. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, आमचं संपूर्ण घर, किचनसकट, चोवीस डिग्री. पडेगावात सेंट्रल एसीवालं घर शोधून दाखवा म्हटलं. विहीणबाई म्हणाल्या, वीस एप्रिलला स्वतः सोडायला येते, बघते, मग ठरवू.

बघा म्हणावं खुशाल.

३० मार्च

सर्व्हिसिंग झालंसुद्धा! हॉलच्या छताची मोठी जाळी उघडली. आठ स्क्रू. आतून फिल्टर काढला. त्यावर धुळीची गोधडी. दाखवायला रूपाला हाक मारली, तर म्हणाली, ते माझ्या कुरडयांच्या गव्हावर झटकू नका.

फिल्टर गच्चीवर नेऊन धुतला, भिंतीला टेकवून वाळत ठेवला. चिमण्या शिरू नयेत म्हणून खालची जाळी परत बसवून टाकली. सात स्क्रू लागले, एक उरला. कंपनीवाले एखादा जास्तीचा देतातच.

एकूण वेळ एक तास चाळीस मिनिटं. अबुजरपेक्षा वीस मिनिटं कमी, आणि चहा शून्य.

१ एप्रिल

एसी चालू केला. आहाहा! वाऱ्याचा फोर्स गेल्या वर्षीच्या दुप्पट. हॉलमधलं कॅलेंडर उडून टीव्हीवर पडलं. अबुजर इतकी वर्षं वर चढून काय करत होता देव जाणे. शेजारच्या धोंडिबाला मुद्दाम बोलावून जाळीखाली उभं केलं. त्याच्या डोक्यावरचे होते नव्हते ते केस उभे राहिले. जळला असणार.

५ एप्रिल

माय म्हणते, घरात धूळ लई येती. माय म्हणजे माझी आई, भागूबाई, वय एक्याऐंशी, आवाज पंचविशीतला. तिला समजावलं, ही जुनी धूळ आहे, सर्व्हिसिंगमुळं सुटून बाहेर पडतेय. चांगलं लक्षण आहे. रूपा दिवसातून दोनदा फर्निचर पुसते आणि पुसताना माझ्याकडं बघते.

संकल्प: रूपाला चांगल्या क्वालिटीचं फडकं आणणे.

सध्या सासू-सुना सकाळी सहापासून गच्चीवर. कुरडया, पापड, सांडगे. मी वर जायचंच बंद केलंय. गेलं की चीक ढवळायला लावतात.

११ एप्रिल

बाहेर ४१, आत २९. एसीला जरा वेळ लागतोय एवढंच. थर्मोस्टॅट एकदम १८ वर नेऊन ठेवला. अठराचं टार्गेट दिलं की चोवीस तर सहज गाठेल. माणसांचंही तसंच असतं.

१३ एप्रिल

हॉलच्या जाळीतून पाणी ठिबकतंय. रूपानं खाली पातेलं ठेवलं. शिडीवर चढून माळ्याच्या झडपेतून आत टॉर्च मारला, तर कॉइलवर बर्फ! अक्षरशः बर्फ, हाताएवढा जाड. आणि घरातले म्हणतात गार होत नाही.

रूपा म्हणाली, मग तो बर्फ खाली खोल्यांत का येत नाही? टेक्निकल प्रश्न आहे. तिला कळणार नाही.

१५ एप्रिल

रोग सापडला. मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले. मागच्या अंगणातलं आउटडोअर युनिट घाण झालं की सगळं अडतं. कालच नळाला पाणी येऊन गेलं होतं, टाकी काठोकाठ. पाइप लावला, मोटर लावली, दीड तास धुतलं. असं चकाचक झालं की त्यात बघून दाढी करावी.

दुपारी चारला रूपानं भांड्यांसाठी नळ सोडला. नळानं फक्त सुस्कारा टाकला.

आमच्या गल्लीत पाणी आठव्या दिवशी. म्हणजे आता बावीसला. विहीणबाई वीसला. टँकरवाल्याला फोन केला, तर म्हणाला, लग्नसराई चालूये काका, एकवीसशिवाय जमत नाय. मायनं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

एसी: ३१.

१७ एप्रिल

रूपा म्हणाली, अबुजरला बोलवा. मी म्हणालो, एकतीस वर्षं. चहात साखर नव्हती.

दुपारी तनुजाचा फोन. म्हणाली, बाबा, सगळं ठीक आहे ना? इथं सगळे चांगलेच आहेत, पण मला माझ्या खोलीत यायचंय. आईच्या हातचं खायचंय. भीती वाटते हो मला. म्हटलं, बेटा, तू फक्त ये. चोवीस डिग्री.

फोन ठेवला. ३३.

१९ एप्रिल

प्लॅन बी. उद्या पहाटेपासून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि सोफ्याखाली बर्फाच्या दोन लाद्या, गोणपाटात गुंडाळून. वर पंखा. विहीणबाई फार तर तासभर बसणार. तेवढं निभावून नेलं की झालं. पोरगी एकदा आत आली की एसी निवांत बघता येईल. शेजारून चार घागरी पाणी आणलंय.

आत्मविश्वास: उत्तम.

२० एप्रिल

आले. जावई माऊलीराव गाडी चालवत, मागं विहीणबाई आणि तनुजा. पोरगी किती सुजलीय. उतरताना माझा हात धरला.

पहिली दहा मिनिटं अप्रतिम. विहीणबाई सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, अरे वा, खालून छान गारवा येतोय. मी म्हणालो, हीच तर सेंट्रलची खासियत. अकराव्या मिनिटाला वरच्या जाळीतून एक मोठा थेंब त्यांच्या चष्म्यावर. बाराव्या मिनिटाला त्यांनी पाय वर घेतले, कारण सोफ्याखालून ओघळ निघाला होता. पाय धुवायला त्या बाथरूममध्ये गेल्या, तर नळ कोरडा. बाहेर येऊन म्हणाल्या, तुमच्याकडं नळाला पाणी नाही आणि हॉलमध्ये पूर आहे.

भिंतीवरचा आकडा सगळ्यांना दिसत होता. ३४.

विहीणबाई रागावल्या नाहीत, हेच वाईट. शांतपणे म्हणाल्या, हे बघा, जोखीम नको. तनुजा किचनमध्ये आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. साडेतीनला गाडी परत पुण्याला.

फाटकाशी मी रूपाला म्हणालो, आता निघाल्या ते बरं झालं, ट्रॅफिक लागणार नाही. ती माझ्याकडं न बघता आत गेली.

आज पहिल्यांदा वाटलं की चूक माझी असू शकते. थोडी.

थोडी नाही. झोप येईना म्हणून उठून हे एवढं दुरुस्त करतोय. माझीच.

२१ एप्रिल

सकाळी सहाला अबुजरला फोन. सातला हजर. जाळी उघडली, आत हात घातला आणि विचारलं, चाचा, फिल्टर किधर है? म्हटलं, आत असेल की. तो म्हणाला, अंदर तो सिर्फ मिट्टी है.

तेवढ्यात गच्चीवरून मायची हाक, परात न्यायला वर ये म्हणून. गेलो. बावीस दिवसांनी. बाजेवर सांडगे पसरलेले आणि त्यांच्यावर, चारी कोपऱ्यांना दगड ठेवून, आमचा फिल्टर. माय म्हणाली, लई झ्याक जाळी हाय रे, कुठून आणली? एक बी कावळा फिरकला नाय.

मागून अबुजर चढून आला होता. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. बाजेजवळ बसला, एक सांडगा उचलून तोंडात टाकला, म्हणाला, अच्छे बने हैं दादीमाँ. मग मला सांगितलं की फिल्टर नसल्यामुळं सगळी धूळ कॉइलवर बसली, धुळीनं वारा अडला, वारा अडल्यावर बर्फ झाला. आउटडोअर बिचारं पहिल्यापासून ठीक होतं.

टँकर आल्यावर चार तास कॉइल धुतली. वारा खोल्यांत नेणाऱ्या डक्टमध्ये थोडी मिट्टी राहील, दोन दिन ठहरो, पूरा खोलके साफ करता, म्हणाला. मी म्हणालो, दोन दिवस नाहीत माझ्याकडं. शेवटी त्यानं हात पुढं केला आणि आठवा स्क्रू मागितला. पेनस्टँडमध्ये होता.

संध्याकाळी ६: चोवीस.

२२ एप्रिल

विहीणबाईंना फोन केला. दोन-तीन टेक्निकल कारणं तयार ठेवली होती. पण तोंडातून खरंच बाहेर पडलं: फिल्टर सांडग्यांवर होता. त्या हसायला लागल्या, त्या थांबेचनात. डोळे पुसत असाव्यात. म्हणाल्या, परवापासून पोरगी नीट जेवली नाही हो, उद्या माऊली आणून सोडेल. आणि ते सांडगे किलोभर पाठवा.

२३ एप्रिल

तनुजा आली. तिच्या खोलीत जाळीखाली डोळे मिटून बसली आणि म्हणाली, बाबा, भारी!

एकतीस वर्षांत एवढं समाधान नाही.

१४ मे

मुलगी झाली. दोघी सुखरूप. सव्वातीन किलो. रूपा रडली. मीही, पार्किंगमध्ये.

१७ मे

माझा दिवस. बाहेर ४३, आत चोवीस, किचनसकट. अकरा वाजता नात घरी आली. रूपानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी रिमोट घेऊन दारात उभा होतो, म्हणजे माऊलीरावांना आकडा दिसावा.

हॉलच्या जाळीखालून जाताना बाळाला शिंक आली. एक. एवढीशी. डक्टमधली राहिलेली मिट्टी.

माय गरजली, बंद कर ते! म्हणाली, वल्ली बाळंतीण, तीन दिसाचं लेकरू, अन् वरून वारं? मी सांगितलं, डॉक्टर म्हणाले सव्वीसवर चालेल. माय म्हणाली, डाक्टर कधी बाळंत झालाय व्हय? मी रूपाकडं बघितलं. तिच्या हातात शेगडी होती. तनुजाकडं बघितलं. ती गाडीतूनच कानाला रुमाल बांधून आली होती.

सव्वा महिना एसी बंद. शेक, ओव्याची धुरी, दारं लावलेली.

किचनमध्ये रूपाला विचारलं, तुला हे माहीत होतं? म्हणाली, न माहीत असायला काय झालं, तनुजाच्या वेळी मी अशीच नव्हते का? मी म्हणालो, मग दीड महिना बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले असते तर तुम्ही एसी सोडून दिला असता, आणि विहीणबाईंनी पोरीला पाठवलं नसतं.

१८ मे, दुपारी ३

बंद जाळीतूनही वारं झिरपतं, असं मायचं म्हणणं, म्हणून तिच्या जुन्या लुगड्याचे अकरा बोळे केले आणि घरातल्या अकराही जाळ्यांत ठासून बसवले. शिडीवर मीच. काम पक्कं झालंय, कणभर वारा येत नाही.

विहीणबाईंचा फोन आला. कूलिंग कसं आहे विचारलं. भिंतीवर ३५. चोवीस म्हणालो.

नात माझ्या मांडीवर झोपलीय, उजवा हात तिच्या डोक्याखाली, म्हणून हे डाव्या हातानं लिहितोय. घाम तिच्या दुपट्यावर पडेल म्हणून मान तिरकी ठेवलीय. मायनं मघाशी एक पुठ्ठा आणून दिला आणि बजावलं, वारं घ्यायचं तर स्वतःकडं घे, लेकराकडं नको.

दोन्ही हात अडकलेत. पुठ्ठा तसाच पडलाय.