कचेरी नांदायला कुणाच्या घरी

आंबेसांगवी,
ता. २१ डिसेंबर १९४७

सातारा मुक्कामी वडीलधारे सयाजी दाजी यांच्या पायांशी मेहुणा नाथाजीचे डोके. आक्काच्या गुडघ्यांना निरगुडीच्या शेकाने उतार पडला असेल अशी आशा आहे. इकडे चंद्राची आई बरी, चंद्रा बरी, म्हैस बरी, आणि मी तर आनंदाने जमिनीवर नाही. दाजी, राजधानी आमच्याकडे राहिली!

तुम्ही चंद्रासाठी तळजाईच्या नानासोंच्या मुलाचे, फौजेतल्या कृष्णातचे, स्थळ सुचवलेत, त्याला उत्तर गेले नाही याचे कारण हेच. नानासो म्हणजे तळजाई संस्थानचे कारभारी, आणि दोन्ही संस्थानांचे एक राज्य करायचे ठरल्यापासून आमचा त्यांचा उभा दावा. (दोन्ही मिळून गावे एकोणीस, तरी राज्य ते राज्यच.) शत्रूच्या घरी मुलगी कशी द्यायची? आमच्या संस्थानावर ऐंशी हजारांचे कर्ज, मोटारीचे, पाण्याच्या टाकीचे आणि एका हत्तीचे (हत्ती वारला, हप्ते चालू आहेत). तळजाईची तिजोरी भरलेली. तीन महिने भांडून तोंडी ठरले ते असे, की आमचे कर्ज त्यांनी फेडायचे आणि त्या बदल्यात राजधानी तळजाईला न्यायची. म्हणजे माझी कचेरी तिकडे, आणि मी पन्नाशीत रोज अकरा मैल सायकल मारणार किंवा नोकरी सोडणार. मला आठ दिवस जेवण गेले नाही.

करारनामा लिहायचे काम माझ्याकडे आले. आता बावीस वर्षे मी पंचक्रोशीतल्या लग्नांच्या याद्या लिहितो. दोन घरांचा करार लिहायची दुसरी रीत मला ठाऊक नाही. तेव्हा पैसे देणारी तळजाई ती मुलीकडची आणि घेणारे आम्ही मुलाकडचे, असे धरून लिहिले : ‘मुलीकडच्यांनी मुलाकडचे सर्व देणे फेडावे.’ पुढे हात आपोआप चालला (शपथ घ्यायला लावू नका) आणि नेहमीचे कलम उमटले, फक्त मुलीच्या जागी कचेरी : ‘कचेरीने नांदायचे ते मुलाच्या घरी.’ दोन्हीकडची माणसे आणि पंच यांच्यापुढे याद मोठ्याने वाचली. पण याद वाचताना कोण ऐकतो? पुरणाचा वास सुटला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, सह्या झाल्या, सुपारी फुटली.

जेवण झाल्यावर नानासोंनी कागद हातात घेतला आणि त्यांच्या मिशा थरथरल्या. “आवं नाथाजी, पैका बी आमचाच आन् राजधानी बी तुमच्याच दारात? ह्यो कुठला न्याय?”

मी म्हटले, “मुलीकडच्यांना हाच असतो.” पंचही म्हणाले, सुपारी फुटल्यावर मागे फिरता येत नाही. नानासो विडा न खाताच गेले. मी लगेच ‘राजधानी’ अशी पाटी रंगवून घेतली आणि गावात गूळ वाटला. आक्काला दोन खडे वेगळे ठेवले आहेत.

थोरांना नमस्कार, लहानांना गोड पापे.

तुमचा
नाथाजी

ता. क. पत्र टाकायचे राहिले आणि चार दिवस गेले. वर्तमानपत्रात बोलवा आहे, की असली सगळी संस्थाने मुंबई प्रांतात जाणार. म्हणजे कर्ज सरकारचे आणि राजधानी कुणाचीच नाही. पाटी उतरवून म्हशीपुढच्या गव्हाणीला फळी म्हणून ठोकली. सातारच्या कचेरीत एखादी जागा असल्यास कळवावे.

आणखी ता. क. जागेचे राहू द्या. नानासो आत्ताच कृष्णातला घेऊन ओसरीवर येऊन बसले आहेत. म्हणतात, “राज्यं गेली तर जाऊ द्या, सुपारी फुटलीया. पोरगी द्या.” पोरगा लय गुणाचा दिसतो, चंद्राचे आत हसू मावत नाही, आणि खरे सांगतो, माझेही डोळे भरून आले. पण यादीचा नमुना म्हणून नानासोंनी माझाच कागद पुढे ठेवला आहे. या खेपेस मुलीकडचे आम्ही आहोत. आणि त्यांनी गेल्या साली कर्ज काढून उसाच्या चरकाला इंजिन घेतले आहे. दाजी, मिळेल त्या गाडीने या. ही याद तुम्ही लिहा.